रुग्णालयाचा कार्बन ताळेबंद : मोजणी, काटकसर आणि भरपाई

सन्माननीय देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्तेष्ट यांच्या हाती दरवर्षी दिल्या जाणाऱ्या अहवालात संस्थेचा जमाखर्च असतो. किती निधी मिळाला, किती रुग्णांवर उपचार झाले, औषधांवर आणि इंधनावर किती रक्कम खर्ची पडली, याचा हिशेब त्यात मांडलेला असतो. परंतु प्रत्येक मोठी संस्था या ताळेबंदात न दिसणारा आणखी एक खर्च दररोज करीत असते. वीज, डिझेल, स्वयंपाकाचा गॅस, भुलीचे वायू, औषधे आणि वाहने यांच्या वापरातून कार्बन डायऑक्साइड व अन्य उष्णता धरून ठेवणारे वायू वातावरणात जातात. त्यांच्या एकत्रित मापाला 'कार्बन फूटप्रिंट' असे म्हटले जाते. या लेखात सोयीसाठी त्यास 'कार्बनचा भार' असे म्हटले आहे.

जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत काम करणाऱ्या रुग्णालयाने या विषयात लक्ष का घालावे, असा प्रश्न काही हितचिंतक विचारतील आणि तो रास्तच आहे. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे हा डोंगराळ भाग साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाला. कुपोषण, गरोदर मातांचा रक्तक्षय, सर्पदंश आणि क्षय हे येथील आजही चिंतेचे विषय आहेत. रुग्णसेवेचा एक रुपयाही अन्यत्र वळवणे आपणांस परवडणारे नाही. तथापि, पुढील विवेचनातून असे दिसून येईल की, योग्य क्रमाने पावले उचलल्यास कार्बनचा भार कमी करणे आणि रुग्णसेवा सुधारणे ही दोन कामे वेगळी राहत नाहीत. हा क्रम चुकला, तर मात्र ज्यांच्यासाठी रुग्णालय उभे आहे त्यांच्यावरच त्याचा बोजा पडण्याची भीती आहे.

आरोग्यसेवेचा वाटा

'हेल्थ केअर विदाउट हार्म' ही आंतरराष्ट्रीय संस्था आणि 'अरूप' यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार जगातील एकूण उत्सर्जनापैकी सुमारे ४.४ टक्के वाटा आरोग्यसेवेचा आहे. जगभरची आरोग्यसेवा हा एक देश मानला, तर उत्सर्जनात त्याचा क्रमांक पाचवा लागेल, असे त्या अभ्यासात म्हटले आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने ऑक्टोबर २०२० मध्ये स्वतःच्या थेट नियंत्रणातील उत्सर्जन २०४० पर्यंत निव्वळ शून्यावर आणण्याचा संकल्प जाहीर केला.

या वाट्यातील फार मोठा भाग श्रीमंत देशांतील आणि महानगरांतील रुग्णालयांचा आहे. आपल्या पाड्यांवरील कुटुंबांचा त्यात जवळजवळ काहीच हात नाही. परिणाम मात्र त्यांनाही भोगावे लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मधील लांबलेल्या पावसाने कापणीला आलेले भातपीक राज्यात ठिकठिकाणी शेतातच भिजले. मे २०२१ मधील 'तौक्ते' चक्रीवादळाने पालघर जिल्ह्यातील फळबागांचे नुकसान केले. एकेका घटनेमागे हवामानबदलाचा वाटा किती, हे सांगणे शास्त्रज्ञांचे काम आहे. वर्षाचे एकच पीक हातचे गेले, तर त्या घरातील बालकाचे वजन पुढील उन्हाळ्यात कोठे जाते, हे मात्र आपल्या बालरुग्ण विभागास चांगले माहीत आहे.

प्रथम मोजणी

जे मोजले जात नाही ते कमी करता येत नाही. संस्थांच्या उत्सर्जनाची मोजणी करण्यासाठी २००१ पासून 'ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल' ही पद्धत जगभर वापरली जाते. तीत उत्सर्जनाचे तीन गट केले आहेत. संस्थेच्या आवारात किंवा तिच्या वाहनांत जे प्रत्यक्ष जळते वा गळते, तो पहिला गट होय. जनित्राचे डिझेल, स्वयंपाकघरातील गॅस, रुग्णवाहिकेचे इंधन, भुलीचे वायू आणि वातानुकूलन यंत्रांतून गळणारा वायू हे सर्व त्यात येते. विकत घेतलेली वीज हा दुसरा गट. औषधे व साहित्य यांची निर्मिती, कर्मचारी व रुग्णांचा प्रवास आणि कचऱ्याची विल्हेवाट हा तिसरा गट. तिसरा गट आकाराने बहुधा सर्वांत मोठा असतो, पण त्याची मोजणी सर्वांत अवघड असते. म्हणून लहान संस्थेने पहिल्या दोन गटांपासून आरंभ करावा, हे श्रेयस्कर.

या मोजणीस महागडी यंत्रे लागत नाहीत. वीजबिले, डिझेलच्या पावत्या, सिलिंडरची नोंदवही आणि एक वही एवढे पुरेसे आहे. ढोबळ गणित असे आहे : ग्रिडमधील एक युनिट वीज म्हणजे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, एक लिटर डिझेल म्हणजे सुमारे २.७ किलो आणि एक किलो स्वयंपाकाचा गॅस म्हणजे सुमारे ३ किलो. अन्य वायू हे कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत किती पट उष्णता धरतात, त्या प्रमाणात मोजले जातात.

कल्पना यावी म्हणून पन्नास खाटांच्या एका काल्पनिक ग्रामीण रुग्णालयाचे उदाहरण घेऊ. आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी धरले आहेत.

- वीज, वर्षाला ६०,००० युनिट : सुमारे ४२ टन
- वाहनांचे डिझेल, ५,००० लिटर : सुमारे १३.४ टन
- जनित्राचे डिझेल, २,००० लिटर : सुमारे ५.४ टन
- स्वयंपाकाचा गॅस, १९ किलोचे १०० सिलिंडर : सुमारे ५.७ टन
- नायट्रस ऑक्साइड, २० किलो : सुमारे ५.५ टन
- वातानुकूलन यंत्रांतून गळलेला वायू, २ किलो : सुमारे ४.२ टन

एकूण भार सुमारे ७६ टन. या यादीतील शेवटच्या दोन ओळी वाचकांस अनपेक्षित वाटतील. शस्त्रक्रियागृहातील वीस किलो वायू हा वर्षभर जनित्रात जळणाऱ्या दोन हजार लिटर डिझेलच्या बरोबरीचा ठरतो. मोजणी केल्याशिवाय ही गोष्ट कोणाच्याही ध्यानात येत नाही.

मग काटकसर

उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणणाऱ्या येथील भगिनींना हे सांगावयास नको की, फुटक्या हंड्यात कितीही पाणी ओतले तरी तो भरत नाही. भरपाईसाठी झाडे लावण्यापूर्वी गळती थांबवणे हे पहिले कर्तव्य आहे. यात एकच मर्यादा कटाक्षाने पाळावयाची आहे. रुग्णाच्या प्राणवायूत, उपचारात, निर्जंतुकीकरणात किंवा रुग्णवाहिकेच्या फेरीत कोणतीही कपात करावयाची नाही.

वीज : साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर नव्या बीएलडीसी पद्धतीच्या पंख्यास सुमारे ३० वॅट पुरतात. वॉर्डातील एक पंखा रोज पंधरा तास फिरतो असे धरले, तर वर्षाला सुमारे २४६ युनिट, म्हणजे सुमारे १७० किलो कार्बन वाचतो. एलईडी दिव्यांचा हिशेब असाच आहे. प्रसूती विभागात स्नानासाठी लागणारे पाणी सौर बंबावर तापवता येते.

त्यानंतर छतावरील सौर वीज. आपल्याकडे एक किलोवॅट क्षमतेच्या संचातून वर्षाला सुमारे १,४०० युनिट मिळतात, म्हणजे सुमारे एक टन कार्बनची बचत होते. त्यासाठी साधारणतः शंभर चौरस फूट मोकळे छत लागते. जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ दिवसेंदिवस उघडत नाही. वादळवाऱ्यात वीज जाण्याचा काळही तोच. म्हणून केवळ नेट मीटरिंगच्या संचावर विसंबता येत नाही, कारण ग्रिड बंद पडताच तो संचही बंद होतो. प्रसूतिगृह, नवजात शिशु कक्ष आणि लसींचे शीतकपाट यांसाठी बॅटरीची जोड हवी आणि जनित्रही सज्ज हवे. बॅटरीची जोड मिळाल्यास जनित्र सुरू होईपर्यंतची अंधारातील मिनिटे टळतात. प्रसूती सुरू असताना त्या मिनिटांचे मोल काय असते, हे आमच्या परिचारिकांना ठाऊक आहे.

भुलीचे वायू : नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरतो. अनेक रुग्णालयांत हा वायू रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वीच मॅनिफोल्ड व नळजोडणीतून गळतो, असे अन्य देशांतील तपासण्यांत आढळले आहे. नळजोडणी बंद करून बॉईल्स यंत्रावरच लहान सिलिंडर बसवल्यास ही गळती थांबते आणि खर्चही वाचतो. 'डेस्फ्लुरेन' हे भुलीचे औषध २,५०० पटींहून अधिक उष्णता धरते. स्कॉटलंडने २०२३ मध्ये त्याचा नित्य वापर थांबवला. ग्रामीण रुग्णालयांत सिझेरियन शस्त्रक्रिया बहुधा कमरेत भूल देऊन होतात, त्यामुळे आपली सुरुवातच कमी भारापासून होते. भुलीची निवड ही मात्र सदैव भूलतज्ज्ञांचीच राहील.

वातानुकूलन : प्रचलित 'आर-४१०ए' वायूचा एक किलो गळला, तर सुमारे दोन टन कार्बनचा भार पडतो. दरवर्षी 'गॅस भरणे' हे देखभालीचे लक्षण नसून गळतीचे लक्षण आहे. जोड तपासून गळती बंद करणे आणि नवे यंत्र घेताना कमी भाराचा वायू निवडणे, एवढ्याने हा आकडा शून्याजवळ येऊ शकतो.

स्वयंपाकघर : महाराष्ट्रात याची मोठी उदाहरणे घडली आहेत. शिर्डी येथील श्रीसाईबाबा संस्थानच्या प्रसादालयात २००९ मध्ये ७३ सौर परावर्तक तबकड्या बसवून वाफेवर स्वयंपाक करण्याची व्यवस्था उभारण्यात आली होती. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उरल्यासुरल्या अन्नावर चालणारे लहान बायोगॅस संयंत्र विकसित केले आणि त्यास २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. रुग्णांचे नातेवाईक आवारात तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजतात. त्यांना निर्धूर चूल आणि पत्र्याचे छप्पर मिळाले, तर मोळी कमी लागेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दम्याच्या रुग्णाची शुश्रूषा करणारी माउली स्वतः धुरात बसणार नाही.

कचरा आणि प्रवास : जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे पिवळी, लाल, पांढरी व निळी अशी विभागणी काटेकोर झाल्यास साधा कचरा विनाकारण जाळला जात नाही. तसेच जव्हार ते नाशिक हे अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. तज्ज्ञ डॉक्टर महिन्यातून एकदा येथे आले किंवा दूरध्वनी-चित्रफितीद्वारे सल्ला मिळाला, तर एका गाडीची जाऊन-येऊन १६० किलोमीटरची फेरी वाचते. कार्बनची बचत सुमारे ४० किलो होते, आणि त्या कुटुंबाची गाडीभाड्याची रक्कम व दोन दिवसांची मजुरी वाचते ती निराळीच.

आपल्या काल्पनिक रुग्णालयाने २५ किलोवॅटचा सौर संच बसवला (२४.५ टन), दिवे व पंखे बदलले (५.६ टन), जनित्राचा वापर निम्मा केला (२.७ टन), नायट्रस ऑक्साइडची गळती थांबवली (४.५ टन), वातानुकूलन यंत्रे दुरुस्त केली (४.२ टन) आणि स्वयंपाकघरात काही बचत केली (१.५ टन), तर एकूण ४३ टन घटतात. उरतात सुमारे ३३ टन. यात रुग्णवाहिकेचे इंधन आहे, रात्रीची वीज आहे, पावसाळ्यातील जनित्र आहे. हा भार आज टाळता येण्यासारखा नाही.

उरलेल्याची भरपाई

अशा उरलेल्या भाराच्या मोबदल्यात अन्यत्र तेवढाच कार्बन शोषून घेण्याची वा वाचवण्याची व्यवस्था करणे, यास भरपाई म्हणतात. यासाठी बाजारात कार्बन क्रेडिट विकत मिळतात आणि भारत सरकारनेही २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली आहे. परंतु विकत घेतलेली प्रत्येक भरपाई खरी असतेच असे नाही. सुधारित चुलींच्या अनेक प्रकल्पांनी प्रत्यक्ष बचतीपेक्षा कित्येक पट अधिक क्रेडिट मिळवल्याचे बर्कले येथील संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवून दिले. म्हणून भरपाई डोळ्यांसमोर, आपल्याच परिसरात आणि मोजून घेता येईल अशी असावी.

येथे 'वाडी' या पद्धतीचा उल्लेख करणे उचित होईल. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या 'बायफ' संस्थेने १९८२ मध्ये दक्षिण गुजरातेतील वांसदा येथे हा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे तो जव्हार परिसरातही आणला. आदिवासी कुटुंबाच्या स्वतःच्या सुमारे एक एकर वरकस जमिनीवर आंबा व काजूची साधारण साठ कलमे लावावयाची, बांधावर साग, बांबू यांसारखी झाडे लावावयाची आणि झाडे मोठी होईपर्यंत मधल्या जागेत नागली, वरई, भाजीपाला घ्यावयाचा, असे तिचे स्वरूप आहे. जव्हार, विक्रमगड भागात मोगऱ्याच्या लागवडीनेही अनेक घरांना हाती पैसा दिला आहे.

वाढलेले एक झाड वर्षाला ढोबळमानाने वीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषते असे धरले, तर ३३ टनांसाठी सुमारे १,६५० झाडे, म्हणजे अठ्ठावीस वाड्या लागतील. हा हिशेब वाढलेल्या झाडांचा आहे. पहिल्या तीन-चार वर्षांत कलमांचे शोषण नगण्य असते. काही कलमे उन्हाळ्यात मरतात, काही गुरे खातात आणि वणवा लागला तर वर्षांची मेहनत एका दुपारी जाते. म्हणून लावलेल्या रोपांची संख्या नव्हे, तर तीन वर्षांनी जगलेल्या झाडांची संख्या भरपाई म्हणून धरावी.

मुख्य प्रश्न पाण्याचा आणि माणसांचा आहे. दिवाळीच्या सुमारास भातकापणी उरकली की येथील कितीतरी कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याण भागातील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. नेमक्या याच काळात कलमांना पाणी घालावे लागते. मोखाड्यात तर उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. अशा वेळी रोप जगवण्यासाठी माउलीने आणखी दोन हंडे वाहावेत, अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे ठरेल. जलकुंड, साठवण टाकी किंवा बंधारा यांची सोय आधी आणि रोपे नंतर, हाच क्रम योग्य. वाडी उभी राहिली की उलट चक्र सुरू होते. घरातील माणसे गावात राहतात, बालकाचे वजन नियमित घेतले जाते, गरोदर मातेच्या तपासण्या पूर्ण होतात आणि क्षयाच्या गोळ्या मध्येच सुटत नाहीत. रुग्णालयाने वाडीला साहाय्य करण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे.

जमीन कोणाची, श्रेय कोणाचे

या भागाला एक जुना अनुभव आहे. वैतरणेचे पाणी मुंबईची तहान भागवते आणि मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातील कोचाळे गावाजवळ २०१४ मध्ये पूर्ण झाले. तरीही धरणाच्या आसपासच्या पाड्यांवर उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लागतात. पाण्याच्या बाबतीत जे घडले, ते कार्बनच्या बाबतीत घडू नये. शहरातील संस्थांनी धूर सोडावा आणि त्याची भरपाई म्हणून येथील डोंगर कुंपणात बंद करावेत, ही भरपाई होणार नाही.

जव्हार व मोखाडा हे अनुसूचित क्षेत्र आहे. पेसा कायदा, १९९६ आणि वनहक्क कायदा, २००६ यांनी ग्रामसभेला आणि वनावर जगणाऱ्या कुटुंबांना अधिकार दिले आहेत. गुरचराईची, सरपणाची वा वरईची जमीन वृक्षारोपणासाठी अडवली जाऊ नये, सामूहिक वनहक्काच्या क्षेत्रात ग्रामसभेच्या ठरावाशिवाय एकही खड्डा खणला जाऊ नये आणि वाडीतील फळे, लाकूड व भविष्यात मिळू शकणारे कार्बन क्रेडिट या सर्वांवर त्या कुटुंबाचाच हक्क राहावा, असे आम्हांस वाटते. एखाद्या कुटुंबाने आपले क्रेडिट अन्य कंपनीस विकले, तर रुग्णालयाने तीच झाडे आपल्या खात्यात धरू नयेत. एकाच झाडाचे श्रेय दोघांनी घेणे हे एकच देणगी दोन पावत्यांवर दाखवण्यासारखे आहे.

एवढे करूनही झाडांची भरपाई ही डिझेलची पुरती फेड नव्हे, हे नमूद करणे आवश्यक आहे. डिझेलमधील कार्बन कोट्यवधी वर्षे भूगर्भात होता. झाडातील कार्बन झाड उभे असेतोच सुरक्षित आहे. म्हणून भरपाईचे खाते मोठे करण्यापेक्षा भाराचे खाते दरवर्षी लहान करण्यावर भर असावा.

देणगीदार व विश्वस्तांस विनंती

अनेक दाते वाढदिवस वा पुण्यस्मरणाच्या निमित्ताने 'आमच्या नावे झाडे लावा' असे सांगून रक्कम देऊ इच्छितात. त्यांच्या भावनेचा आम्हांस आदर आहे. त्यांना नम्र विनंती अशी की, आपली देणगी प्रथम सौर संचाची बॅटरी, वॉर्डातील पंखे, नातेवाईकांची निर्धूर चूल किंवा भुलीच्या यंत्राची दुरुस्ती यांसाठी द्यावी. वाडीसाठीच द्यावयाची असल्यास रोपांबरोबर पाण्याच्या टाकीचा आणि तीन वर्षांच्या देखभालीचा खर्च त्यात धरावा. फलक दात्याच्या नावाचा नको, जमीन कसणाऱ्या कुटुंबाच्या नावाचा असावा.

विश्वस्त मंडळास विनंती अशी की, आर्थिक ताळेबंदासोबत वीज, डिझेल, गॅस व भुलीचे वायू यांच्या वापराचे एक पान वार्षिक अहवालात दरवर्षी छापावे. भार वाढला तर तोही तसाच छापावा. पावसाळ्यातील एखाद्या रात्री वीज गेली असता नवजात शिशु कक्षातील दिवा विझला नाही आणि जनित्रही सुरू करावे लागले नाही, तर त्या पानावरील आकडा आपोआप कमी झालेला दिसेल.